रॉकेलात धुतलेली रबरं

जुन्नरच्या एका शाळेतून मला मुलाखतीला बोलावणं आलं, तेव्हा लग्नाला बरीच वर्षं झाली होती. डी.एड. होऊन मी कळंबला भाकऱ्या थापत होते. ती नोकरी मला हवी होती, अगदी जीव तोडून हवी होती. नारायणगावला एस.टी. बदलून मी एकटी जाणार होते. पण हे म्हणाले, "घरात गाडी असताना बायकू यष्टीनं? लोकं हसतील. मी सोडतो."

आणि आदल्या दिवशी, रविवारी, ह्यांना गाडी उघडायची हुक्की आली. मोटारसायकल सेकंडहँड, पण पुढं डिस्क ब्रेक, त्यामुळे तोरा भारी. अंगणात पोतं अंथरून ह्यांनी पुढचा ब्रेक सुटा केला नि रॉकेलचं डबडं माझ्यापुढं सरकवलं. "समदं चकाचक धू."

"अहो, ब्रेकच्या आतली ही रबरं पण?"

"रबरं काय साखरंची हायेत इरघळायला?"

मी धुतली. मग सगळं जोडून संध्याकाळपर्यंत मी ब्रेकची लिव्हर दाबायची आणि ह्यांनी खाली बसून नळीतली हवा काढायची, असं चाललं. लिव्हर कधी पार मऊ पडायची, कधी दाबली की परतच यायची नाही. "तुझ्या हातात जोरच न्हाई," हे खेकसले. मी यष्टीनं जाते म्हटल्यावर तर पाराच चढला. नेणार म्हणजे नेणार.

सोमवारी निघालो. गतिरोधकाला ब्रेक मारला की तो थोडा धरूनच राहायचा. नारायणगावच्या अलीकडं पुढचं चाक असं आवळलं, की गाडी ढकलताही येईना. डिस्क तर तव्यासारखी तापलेली. मागून एस.टी. आली, मी हात करायला पुढं झाले. ह्यांनी माझा दंड धरला. "थांब की, व्हईल आता." एस.टी. गेली. ह्यांनी पान्ह्यानं ठोकून ठोकून हात काळे केले, पण चाक काही सुटलं नाही. शेवटी टेम्पोत घालून गाडी नारायणगावच्या गॅरेजला आणली.

मिस्त्रीनं ब्रेक उघडला. रबरं भिजवलेल्या हरभऱ्यागत फुगली होती. "ब्रेक ऑइल सोडून दुसरं काय लागलं ह्याला? रॉकेलात कुणी धुतली राव?"

"हिनं," हे म्हणाले. माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

खोटं काहीच नव्हतं त्यात. म्हणून तर अंगाची आग झाली. मी तशीच उठून स्टँडवर गेले आणि जुन्नरची एस.टी. धरली. पोचले तेव्हा मुलाखती आटोपल्या होत्या. शिपाई खुर्च्या आत नेत होता.

रात्री जेवताना ह्यांनी सासूबाईंना सगळं सांगितलं, त्याच एका शब्दात. त्या बिचाऱ्या मनानं चांगल्या. माझ्या ताटात भात वाढत म्हणाल्या, "जाऊ दे गं, चुकतं माणूस. त्यानं काय मनावर घेतलं न्हाई."