अर्ध्या रुंदीची अक्षरं

"कशावरून?"

काकांचं हे ठरलेलं वाक्य. चष्मा कपाळावर सरकवायचा, नाक स्क्रीनला टेकेल इतकं पुढं वाकायचं आणि विचारायचं, "कशावरून?" मशीन दुरुस्त झालं म्हणा, कॅन्टीनमधलं सूप व्हेज आहे म्हणा, प्रश्न हाच. तुमच्याही ऑफिसात असा एखादा संशयात्मा असेल. आमचा अमेरिकेत, चँडलरच्या एका संगणकाच्या चिप बनवणाऱ्या कंपनीत होता. विभागात मराठी आम्ही दोघंच, म्हणून मी त्यांना काका म्हणायचो.

वेफर, म्हणजे ज्यांवर चिप घडवतात त्या सिलिकॉनच्या पातळ चकत्या, धुणारं एक जुनं जपानी मशीन त्यांच्या ताब्यात होतं. काही बिघडलं की ते स्क्रीनवर जपानी ओळी टाकायचं. लिपी कटाकना, पण अक्षरं अर्ध्या रुंदीची. जुन्या संगणकात जागा कमी, म्हणून इंग्रजी अक्षराएवढ्याच घरात अंग चोरून बसवलेली. काका तरुणपणी काही वर्षं जपानात होते. आमच्यात ती अक्षरं त्यांनाच वाचता यायची.

या ओळी इंग्रजीत आणण्याचं काम माझ्याकडे आलं. आधी अक्षरं नेहमीच्या रुंदीची करायची, मग भाषांतर. माझा प्रोग्रॅम आठवड्यात तयार झाला. काकांनी त्याचा निकाल कागदावर छापला, ओळीखाली स्टीलची पट्टी धरली आणि पेन्सिलीनं एकेक घर मोजलं.

"रुंद अक्षरांनी दोन-दोन घरं खाल्ली. पुढचं सगळं सरकलं. ऐंशी डिग्रीतलं शून्य कापलं गेलं बघ. आठ डिग्रीत वेफर धुतोयस?"

खरंच कापलं गेलं होतं. मी दुरुस्ती केली, पण मनातून चरफडलो. म्हातारा खुर्ची राखतोय, असं माझ्या डोक्यात बसलं.

मग मला जिकडेतिकडे पुरावे दिसू लागले. जेवताना काका एका वहीत काहीतरी लिहायचे आणि मी डबा घेऊन आलो की वही मिटायचे.

"काका, त्या सगळ्या ओळींचे मीनिंग्ज लिहून द्या ना, प्लीज."

"अजून तपासून झालं नाही. अर्धवट दिलं की लोक तेवढ्यावरच धावतात."

एकदा तर ते पार्किंगमध्ये दिसले. बाहेर एकशे दहा डिग्री फॅरनहाइट, हे गाडीत एसी लावून फोनवर जपानीत बोलतायत! कंपनीची माहिती विकतायत की काय, इथपर्यंत माझी मजल गेली.

एका मंगळवारी मॅनेजरनं मला बोलावलं. माणसं कमी करायची होती. काकांशिवाय तुझा प्रोग्रॅम चालेल का, त्यानं विचारलं. मी हो म्हणालो. कशावरून, असं त्यानं विचारलं नाही. मीही स्वतःला विचारलं नाही.

शुक्रवारी काकांच्या हातात सामानाचा खोका आला. मी गाडीपर्यंत सोडायला गेलो. आत बसल्यावर त्यांनी ती वही माझ्या हातात दिली.

"सगळ्या ओळी आल्यात. जिथं अडलो तिथं जपानातल्या, कोबेच्या जुन्या मित्राला फोन करून विचारलं. आता डोळे झाकून वापर."

मी वही उघडली. डावीकडे जपानी ओळ, उजवीकडे तिचा अर्थ आणि काय करायचं ते. सगळं मराठीत.

"मराठीत का, काका?"

"इंग्रजीत लिहिलं असतं तर कंपनीनं वही ठेवून घेतली असती आणि तुलाही खोका दिला असता. हे वाचायला त्यांना तूच लागशील. ग्रीन कार्ड होईपर्यंत वही कुणाच्या हाती देऊ नकोस."

पहिल्या पानावर माझं नाव होतं, खाली तारीख. माझा व्हिसा अडकला होता त्याच आठवड्यातली. तेव्हा डबा समोर ठेवून मी त्यांच्यापुढं रडलो होतो आणि ते नुसतं "बघू" म्हणाले होते.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं सांगून टाकावं म्हणून खिडकीशी वाकलो.

"उन्हात उभा राहू नकोस," ते म्हणाले आणि काच वर केली.

काका आता अर्विंगला मुलीकडे असतात. साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या या माणसाला माझा मात्र कधी आला नाही. दिवाळीला आठवणीनं फोन करतात.

"आहे ना रे नोकरी?"

मी हो म्हणतो. त्यांची कशी गेली, ते अजून सांगितलेलं नाही.