पाइपाच्या तोंडची जाळी

आमचा बुढा, माहा नवरा दादाजी, माणूस भला. पण चारचौघांत कोणी बोललं का त्याच्या जिवाले लागते. आम्ही ढिवर, नागभीडच्या बाजूचे. आमची सोसायटी तलावात मासोळी धरते अन् पाळीवर राखणदार हा. पाण्यातल्या मोजपट्टीचा आकडा पाहाचा, वाढला तं भोंगा वाजवाचा. वीस वर्षं हेच केलं. एकडाव त्यानं भोंगा वाजवला अन् पाणी काई आलं नाई. पाळीखालच्या बांध्यांत धानाचा रोवणा लावणाऱ्या साऱ्या बाया उठून घरी गेल्यात्या. शेतवाल्यानं त्याची अशी खरडपट्टी काढली का बुढा दोन दिवस जेवला नाई.

दोन हजार सहात चंद्रपूरचे साहेब मशीन घेऊन आले. अरे बाप्पा, काय खूश झाला! येणाऱ्याजाणाऱ्याले धरून धरून समजावे.

"हे चार मजली घर हाये, बावा. खालच्या मजल्यावर, या पाइपात, तरंगता डबा. पाणी चढलं का डबा चढते. त्याची दोरी वरच्या पेटीतलं चाक फिरवते अन् पेटी आकडा मोजते. तो दुसरा मजला. पेटीले बॅटरी, बॅटरीले उन्हाची प्लेट. तिसरा मजला म्हणजे हा उभा दांडा, तो आकडा हवेतून चंद्रपूरले धाडते. चौथ्या मजल्यावर साहेबाचा कंप्युटर. आकडा लाल रेघेवर गेला का साहेब मले फोन करते, मंग मी भोंगा वाजवतो."

"अन् खालचाच झोपला तं?" मी इचारलं.

"तू भाजी पाहा," म्हणे, "करपून राह्यली."

पाइपाच्या बुडाशी पाणी आत जावाले मुठीएवढं भोक होतं. मशीन बसवल्यावर पहिल्याच पावसाळ्यात सोसायटीनं सोडलेलं माशाचं बीज त्यातून आत शिरलं अन् मेलं. बोटाएवढे जीव, पांढरे पडून तरंगत होते. ढिवराच्या बाईले ते पाहवत नाई. पुढच्या जेठात पाणी उतरलं, तवा मी गुडघाभर पाण्यात उतरली अन् घरच्या जुन्या मच्छरदाणीचा तुकडा भोकावर बांधून टाकला. बुढ्याले सांगतलं नाई. जाळी बांधणं म्हणजे आमच्यात भाजीले फोडणी देणं, त्यात सांगाचं काय?

आषाढात तीन दिवस झड लागली. आमची पोरगी आचल, एकोणीस वर्षांची, पाळीखाली रोवण्याले गेलती. दुपारी बुढ्याची भाकर घेऊन मी पाळीवर आली तं तलाव काठोकाठ. जुन्या मोजपट्टीची लाल रेघ बुडाली होती अन् चंद्रपूरचा फोन नाई. बुढ्यानं स्वतःच लावला.

"साहेब जी, पाणी रेघेवरून गेलं."

तिकून साहेब एवढ्या जोरानं बोलला का मलेही ऐकू आलं. "इथं आकडा सकाळपासून जागचा हललेला नाही. मशीनपेक्षा तुला जास्त दिसतं का, दादाजी?"

बुढ्यानं फोन ठेवला. भोंग्याच्या बटनावर हात ठेवून उभा राह्यला.

"हातच्या काकणाले आरसा कायले?" मी म्हटलं. "वाजवा ना जी, पोरगी खाली हाये!"

"मशीन चुकत नाई, आचलची माय. आणखी एकडाव उगाच वाजवला तं लोक तोंडात शेण घालतीन. अर्धा घंटा पाहू."

अर्धा घंटा झाला नाई, त्याच्या आधीच पाळ कोपऱ्यातून फुटली. मंग भोंगा वाजला. बाकीच्या बाया उंच धुऱ्यावर चढल्या. आचल पऱ्ह्याच्या, धानाच्या रोपाच्या, पेंड्या आणाले नाल्यापाशी गेलती. दोन दिवसांनी सापडली.

मले रडू आलं नाई. आजही येत नाई. सैपाक होते, मासोळी इकली जाते, दिवस जाते. बाया म्हणतात देवकाबाई दगड हाये. असंन.

तेरवी झाल्यावर साहेब चौकशीले आले. कंप्युटर म्हणे चांगला. दांडा तपासला, पेटी उघडून चाक फिरवून पाहिलं. सारं ठणठणीत. खालचा मजला जे सांगे तेच वरचे तिन्ही मजले इमानदारीनं सांगत होते. मंग एक माणूस पाण्यात उतरला अन् जाळी घेऊन वर आला. गाळानं, शेवाळानं गच्च बुजलेली. तलाव चढत गेला, पाइपातलं पाणी मात्र होतं तिथंच राह्यलं होतं.

"हे कोणी बांधलं?"

तवा मले समजलं. मी तोंड उघडलं, खरंच उघडलं जी, पण डोळे त्या तुकड्यावरच अडकले. त्या मच्छरदाणीत आम्ही दोघं दहा वर्षं झोपलो होतो. बुढ्यानं तिच्याकडे पाहिलं, मंग माह्याकडे, अन् पुढे झाला.

"मी बांधली जी."

त्याची नोकरी तिथंच गेली. घरी आल्यावर वाटलं, आता हाणते. हाणलं असतं तं बरं वाटलं असतं. तो भिंतीले टेकून बसला. शेवटी मीच म्हटलं, "अजी, जाळी मी बांधलीती. तुमाले ठाऊक होतं."

"हाव," तो म्हणे. "अन् बटनावर हात कोणाचा होता?"