आधी एक वाक्य

वाक्यराव कोणाची कानउघाडणी करायची असली, तरी आधी त्याच्या तब्येतीची चौकशी करत. "प्रकृति बेस आहे ना? पाठीचें दुखणें कसें? काल टाकलेलें नाचतें माकड काढून टाक." मेलकावेरी गावातल्या त्यांच्या घरून असा खासगी संदेश आला, की समजायचं, फोरमवर आपण पुन्हा दिवे लावले. माझ्या पाठीची इतकी विचारपूस माझ्या बायकोनेही कधी केली नसेल.

फोरम आम्हा तंजावरी मराठी लोकांचा. मराठे राजांच्या काळी पूर्वज इकडे आले, त्यांची बोली घरात उरली आणि उंबऱ्याबाहेर तमिळ. आता तर घरातही ती पातळ होत चालली होती. चित्रकलेचे निवृत्त मास्तर असलेले राव हा फोरम सांभाळत. नियम एकच: आधी एक वाक्य, मग हलतं चित्र. वाक्य चुकलेलं चालेल, तमिळ लिपीत चालेल, पण आपल्या बोलीतलं हवं. शाळेतही ते मुलांना चित्राखाली एक ओळ लिहायला लावत. 'वाक्यराव' हे नाव मी पाठीमागे ठेवलं होतं. आठवड्याभरात ते खाली तीच सही करू लागले. माझी थट्टा अशी अनेकदा वाया गेली.

मी पुण्यात सहा वर्षं नोकरी करून परत आलो होतो. तिकडे माझ्या बोलीला हसत, इकडे आल्यावर माझ्या पुस्तकी मराठीला. म्हणून मी शब्दांचा नाद सोडून जिफ टाकू लागलो. घसरून पडणाऱ्या वाघाला लोक हसले, तर निदान मला हसत नव्हते. नियमातून पळवाटही काढली. प्रत्येक चित्राआधी "जेवण झालें" एवढंच लिहायचं. राव लगेच विचारत, "काय जेवलास?" मग उडदाच्या पिठाची, दह्यातली डांगर पच्चडी लिहावी लागे. मग चेन्नईची कोणी विचारी, त्यांत मोहरी घालतोस की नाहीं. बघता बघता पन्नास वाक्यं व्हायची आणि माझा वाघ वर कुठेतरी एकटाच घसरत राहायचा.

एकदा त्यांनी घरी बोलावलं. डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून त्यांची बायको, आम्हा सगळ्यांच्या मामी, त्यांना फोरम मोठ्याने वाचून दाखवत. मामी म्हणाल्या, "तो वाघ पुनः दाखव रे."

"आधीं वाक्य," राव म्हणाले.

"तुम्हीं उगे बसा. मी शाळेंतली पोर नव्हे."

कॉफी पिताना राव म्हणाले, "लेक फोनवर तमिळ बोलते. नातवंडांचें तर विचारूंच नकों. इथें बोलणारीं आम्हीं दोघेंच. फोरमवर एक वाक्य आलें, कीं घरांत तिसरें माणूस आल्यासारखें वाटतें. म्हणून तुमच्या मागें लागतों."

स्वतः मात्र ते लांबलचक लिहीत. वाईट गोष्ट पत्राच्या तोंडाशी लिहू नये, वाचणाऱ्याला आधी नीट बसू द्यावं, ही त्यांच्या घरची रीत. त्यामुळे साधा नियम बदलायचा असला तरी आधी सगळ्यांची खुशाली, मग कावेरीचं पाणी, मग गल्लीतली लग्नं. मुद्दा चौथ्या परिच्छेदात. आम्ही सगळेच पहिल्या परिच्छेदाखाली थांबायचो. मी तर तिथे जांभई देणारा हत्ती टाकायचो.

एका सकाळी त्यांचं असंच लांब पत्र आलं. मी बसमध्ये उभा होतो. कावेरीच्या पाण्यापर्यंत वाचलं आणि हत्ती टाकला. वाक्यही लिहिलं नाही. माझ्यामागून कोलांटी मारणारी मांजर, घोरणारा पुढारी, ढोल वाजवणारं अस्वल अशी रांग लागली.

संध्याकाळी बेंगळूरच्या एका बाईने लिहिलं, "खालपर्यंत वाचा."

चौथा परिच्छेद असा होता: "काल दुपारीं आमची गेली. त्रास झाला नाहीं. अस्क्यांनीं, लहानमोठ्या सगळ्यांनीं, तिच्यासाठीं एक वाक्य लिहावें. मला आतां वाचून दाखवणारें कोणी नाहीं, तरी मी भिंग घेऊन वाचीन."

आम्ही धडाधड चित्रं पुसली. पण भिंग घेऊन बसलेल्या माणसाने ती आधीच पाहिली होती. मी वाक्य लिहायला बसलो. 'भावपूर्ण श्रद्धांजली' लिहिलं, ते वर्तमानपत्रातलं वाटलं, पुसलं. आपल्या बोलीत बायको गेलेल्या माणसाला काय म्हणतात, हे मला ठाऊकच नव्हतं. ते बोलणं नेहमी आजी उरकायची. शेवटी मी लुकलुकणारी पणती टाकली. बाकीच्यांनीही पणत्याच टाकल्या. त्या रात्री फोरमवर दिवाळी होती आणि वाक्य एकही नव्हतं.

राव रागावले नाहीत. कोणाच्या पाठीचीही चौकशी आली नाही. त्यांनी फोरमचा पासवर्ड त्या बेंगळूरच्या बाईला पाठवला आणि निघून गेले. फोरम आता जोरात चालतो. नियम नाही, त्यामुळे दिवसभर काही ना काही हलत असतं.

तेराव्यानंतर मी मेलकावेरीला गेलो. रिक्षात वाक्य घोकत होतो. दार उघडताच म्हणालो, "मामा, माझी चूक झाली. मी वाचलेंच नाहीं."

त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "वांगो, उक्कारुंगो."

या, बसा. तमिळमध्ये. मला नेहमी 'तूं' म्हणणारे राव बँकेतल्या साहेबाशी बोलावं तसं अदबीने बोलत होते. स्वतः कॉफी केली, साखर विचारली, बसला गर्दी होती का विचारलं, सगळं तमिळमध्ये. मी मराठीत उत्तरं देत राहिलो. आवाजात राग नव्हता, हेच अवघड होतं. मी बाहेरचा माणूस होतो आणि बाहेरच्याशी कसं बोलायचं, हे त्यांना नीट माहीत होतं.

"मामा, आपल्या बोलींत बोला ना," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या पेल्यात उरलेली कॉफी ओतली.

उठताना मीही तमिळमध्येच "पोय्टु वरेन" म्हणालो. जाऊन येतो. त्यांनी मान हलवली आणि दाराला आतून कडी घातली.