आखूड पडलेली वेणी

परवा मुलीच्या गॅदरिंगला मिशा चिकटवायच्या गोंदाचा वास आला आणि माझं डोकंच फिरलं. वडील कोल्हापुरात सिनेमाच्या शूटिंगला मेकअप करायचे, आणि सुट्टीत मीही सेटवर असायची. एकदा नायिकेची खोटी वेणी आखूड पडली, दिग्दर्शक सगळ्यांदेखत वडिलांवर ओरडला. त्यांनी मला आरशासमोर बसवलं. मला वाटलं, आज आपल्यालाही रंगवणार, म्हणून मी डोळे मिटून तोंड पुढे केलं. कात्री मानेमागे चालली. "रडतीस कशाला? केसं काय, परत येत्यात की!" म्हणत वडील माझी वेणी घेऊन धावले. काल ते नातीला तोच सिनेमा दाखवत होते. "बघ, ही वेणी तुझ्या आईनं दिल्याली." मी टीव्ही बंद केला. "दिली न्हवती, आण्णा. तुम्ही कापलीसा."