मास्कमधला ठसका

दृष्ट, बाधा, शकुन... या सगळ्याची मी आजवर टिंगलच केली आहे. पेशाने सॉफ्टवेअर टेस्टर. जे पुन्हा करून दाखवता येत नाही ते झालंच नाही, असं म्हणणारा माणूस. त्यामुळे हे लिहिताना जरा लाजच वाटतेय.

आम्ही नेदरलँड्समध्ये, ब्रेडा शहराजवळच्या एका गावात राहतो. इथल्या छोट्या गावांत आग विझवायला बहुतेक स्वयंसेवकच असतात. पेजर वाजला की हातातलं काम टाकून सायकलवर टांग मारायची आणि अग्निशमन केंद्र गाठायचं. डच जमायला लागल्यावर मीही त्यात शिरलो. हौसेने वाढवलेली दाढी तेवढी गेली, कारण केस मध्ये आले की मास्क चेहऱ्याला घट्ट बसत नाही.

आगीतला कोट, हातमोजे घरी आणायचे नसतात. काजळी विषारी, म्हणून सगळं केंद्रावरच पिशवीत बंद करून धुवायला जातं. पुण्याहून आलेल्या आईला हे सोवळं लगेच पटलं. पंचाईत एवढीच, की तिला त्या कोटाची दृष्ट काढायची होती.

"आई, मिरच्या जाळल्यास तर अलार्म बोंबलेल," मी म्हटलं. आमचा स्मोक अलार्म साध्या फोडणीलाही किंचाळतो.

"बोंबलू दे," आई म्हणाली.

त्याच शनिवारी दुपारी पेजर वाजला. एका सुतारकामाच्या शेडला आग लागली होती. माणसं सगळी बाहेर आली होती. मी आणि माझा जोडीदार योरिस पाण्याचा पाइप घेऊन आत शिरलो. पाठीवर हवेची टाकी, तोंडावर मास्क. श्वास फक्त टाकीतला, बाहेरचा कसलाच वास आत येत नाही. आला, तर मास्क गळतोय आणि तडक मागे फिरायचं, हा आमचा पहिला धडा.

आणि मला वास आला. धुराचा नाही... जळक्या लाल मिरच्यांचा. असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

मी योरिसचा खांदा दाबला. तो लगेच वळला. दोघे आत गेले की दोघांनी एकत्रच बाहेर यायचं. आम्ही दारापर्यंत पोचतोय तोच मागे धाडकन आवाज झाला. लाकडं रचलेला पोटमाळा आम्ही उभे होतो तिथेच कोसळला होता.

केंद्रावर परतल्यावर मास्क मशीनवर तपासला. कुठेही गळती नव्हती. टाकीतली हवा स्वच्छ. योरिसला कसलाच वास आला नव्हता.

अंघोळ करून घरी आलो. मी काही सांगायच्या आतच आई म्हणाली, "तू गेलास आणि मला राहवेना. दारामागे तुझं जाकीट होतं, त्याचीच दृष्ट काढली. मूठभर मिरच्या जाळल्या, पण ठसका म्हणून लागला नाही रे! फार जबर दृष्ट होती."

मी बायकोकडे बघितलं. मुग्धा माझ्याहून नास्तिक.

"मी टॉवेल घेऊन अलार्मखाली उभी होते," ती हळूच म्हणाली. "वाजलाच नाही."

मी जिन्यावर बसलो. खरं सांगतो, तेव्हा पहिल्यांदा घाबरलो. आगीत घाबरलो नव्हतो.

नंतर अलार्मचं बटण दाबलं, तो खणखणीत वाजला. दुसऱ्या दिवशी त्याच पाकिटातली एकच मिरची तव्यावर टाकली. अलार्म किंचाळला, आम्ही तिघं खोकून बेजार, शेजारीण विचारायला आली. मेंदूने वासाचा भास केला म्हणावं, तर मिरच्यांचाच का? आणि घरातल्या धुराचं काय झालं?

आई आता पुण्याला परतली आहे. फोनवर अजूनही मध्येच म्हणते, "त्या दिवशी ठसका कसा लागला नाही, नवलच आहे."

मी नुसतं "हं" म्हणतो. तो कुणाला लागला हे कळलं, तर ती मला पुन्हा कधी आगीत जाऊ देणार नाही.