पुण्यातल्या अंगणातला तेरडा

दसरा आटपला आणि आईने गावच्या घराला कुलूप लावलं. बाबा गेल्यावर तिने एकटीने राहू नये, म्हणून मी तिला पुण्याला न्यायला आले होते. मी गाडीत बसून हॉर्न वाजवतेय आणि आई कुठे, तर घरामागच्या सड्यावर! जांभ्या दगडाच्या त्या उघड्या माळावर ती वाळत आलेल्या तेरड्याची बोंडं चिमटीत धरून पदरात बी झाडत होती. बोंड हात लावताच फुटतं, त्यामुळे निम्मं बी पदरात आणि निम्मं पुन्हा सड्यावर.

"आये, पुण्यात काय झाडं नायत काय?" मी ओरडले.

"असतील. माझी गौर काय त्यांची करू?" असं म्हणून ती गाडीत बसली. आरे-वारेचा समुद्र मागे पडला तरी पदराची गाठ तिने सोडली नाही.

वाडीत राहिलेल्यांना हे सांगायला नको, पण आमच्यासारखे जे बाहेर पडले त्यांच्या मुलांसाठी सांगते. आमच्याकडे गौरीला मुखवटा नसतो. तेरड्याची रोपं मुळासकट उपटून आणायची, तीच गौर. मुळं म्हणजे तिची पावलं. माझा नवरा सांगलीकडचा, त्यांच्या गौरी दागिने घालून मखरात उभ्या राहतात. लग्नानंतर मीही त्याच मांडू लागले. मला त्यात काही कमी वाटलं नाही, खोटं कशाला बोलू?

आई आल्यावर मात्र आमच्या रो-हाऊसचं अंगण बदललं. माझ्या पिटुनियाच्या कुंड्या भिंतीकडे सरकल्या. पावसाळा लागला तसा तेरडा उगवला, कुर्डू उगवला, भाजीचा टाकळाही आला. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकून 'गवत कधी काढणार?' असं विचारलं. नवऱ्याने उत्तर दिलं, 'भाजी झाली की.' आई हसली, पण लगेच म्हणाली, "पावसाळा काढते आणि दिवाळीला जाते. लेकीच्या घरी किती दिवस पाहुणी ऱ्हायचं?" हे वाक्य ती चहाच्या वेळी नेमाने बोलायची.

गौरी आल्या तेव्हा तेरडा नुकता फुलू लागला होता. आईने सड्यावर उपटावा तसा सगळा उपटला. रोपं धुतली, हळद-कुंकू लावलं, त्यांना घरभर फिरवलं आणि सांगलीच्या गौरींशेजारी बसवलं. दोन्हीकडच्या गौरी एकाच घरात! आई लहान मुलीसारखी खूश होती. मग विसर्जन झालं आणि अंगण रिकामं झालं.

पुढच्या पावसाळ्यात एकही रोप आलं नाही. येणार कुठून? बोंड धरायच्या आधीच आम्ही मुळं काढली होती. सड्यावर कधी हा विचारच करावा लागला नाही. तिथे वाडीने कितीही उपटला तरी तेरडा उरायचाच. मी मंडईतून जुडी आणली, तर तिची मुळं कापलेली. आईने जुडी उलटसुलट करून पाहिली. "बिनपायाची गौर घरात चालत यायची कशी?" एवढंच बोलली आणि त्या दिवाळीला बॅग भरून गावी गेली.

आता ती परत येत नाही, असं मी मनाशी धरलं. घर खायला उठायचं. पण दिवाळीचा पाडवा उलटून पंधरवडा झाल्यावर वाडीतल्या वहिनीचा फोन आला. "तुझी आई कुणाचं ऐकतेय काय? आंब्याच्या कलमांच्या बागांत तणनाशक मारल्यानं सड्याच्या कडेलाच काय तो तेरडा ऱ्हायलाय. ती रोज तिकडं जाते, गळलेलं बी येचत बसते." पुढच्याच आठवड्यात आई एसटीने आली. सोबत बी होतं आणि जांभ्याच्या चुऱ्याची गोणी. "तुझी माती फार लाडावलेली," ती म्हणाली. आणि तो चुरा तिने अंगणात पसरला.

यंदा तेरडा गुडघ्याएवढा झाला. गौरीच्या दिवशी मी सवयीने वाकले आणि सगळ्यात भरदार रोपाला हात घातला. आईने माझ्या हातावर चापट मारली.

"ती नाय. ती रांग पुढच्या सालाला ऱ्हाऊ दे."

मी तशीच ओणवी राहिले. या घरात पुढचं साल आईच्या तोंडून मी प्रथमच ऐकत होते. माझं घर कोणतं, गावचं की पुण्याचं, या प्रश्नाने मी पुष्कळ वर्षं स्वतःला छळलं. आता जिथे आपण पुढच्या सालाचं बी राखतो, ते मला घर वाटतं. माझे डोळे भरून आलेले तिने पाहिले असावेत.

"रडतेस काय, बाय? आणि ती कपड्यांची दोरी काढ हितनं. ओले कपडे बोंडांवर आपटतात. घर माझं हाय का नाय?"

मी दोरी काढली.