पंचफुलाबाईची पाठ

पंचफुलाबाई आधी मारायची आणि मग बोलायची. मी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती एका ट्रक ड्रायव्हरला गचांडी धरून सोयाबीनच्या ढिगात लोळवत होती. त्यानं झाडणाऱ्या एका म्हातारीला लाथ मारली होती. त्याचं तोंड दाण्यांनी भरल्यावर ती म्हणाली, "आता बोल बे, काय म्हनत होता?"

आमच्या मार्केट यार्डात बायकांनी सांडलेलं धान्य झाडायचं आणि पुरुषांनी पोती वाहायची, जणू कायदाच होता. मी एका अडत दुकानात काट्यावर बसून वजनाच्या चिठ्ठ्या फाडायचे. खुर्चीवरचं काम म्हणून माझं कुणाला खुपत नव्हतं. पंचफुलाबाई दुसरबीडच्या बाजूनं काळी-पिवळी जीपमध्ये कोंबून यायची आणि दिवसभर खराटा मारायची. तिचा नवरा नामदेव तिथेच हमाल होता. एका दुपारी पोत्यांची थप्पी अंगावर कोसळून तो मेला.

हमालाचा बिल्ला घरात राहतो, ही आमच्याकडची रीत. बाप गेला की पोराच्या दंडावर, पोरगा नसला तर भावाच्या. नामदेवला दोन्ही नव्हते. जलदान विधी झाला, त्याच्या दुसऱ्या दिवशी पंचफुलाबाई त्याचा पितळी बिल्ला स्वतःच्या दंडावर बांधून, पोती ओढायचा लोखंडी हूक कमरेला खोचून हजर.

"टोळीत गडी लागते, बाई नाही," दिगंबर मुकादम म्हणाला.

"वझं वाह्यते तो गडी. मिशाच पाह्यजे असतीन त घोड्याच्या शेपटीच्या लावतो."

मुकादमानं बिल्ल्याला हिसका दिला. दोरी दंडात रुतली, रक्त आलं. तिनं हूक काढला, त्याच्या हातात घुसवला आणि वर फिरवला. ठाण्यात हवालदारानं विचारलं, "काऊन मारलं व बाई?" ती म्हणाली, "त्यानं अंगाले हात लावला. मंग काय आरती ओवाळू?"

समज देऊन तिला सोडलं. त्यानंतर बरेच दिवस मुकादमानं हात उगारला नाही, त्याहून वाईट केलं. पोतं कुणी एकटं पाठीवर घेत नाही. दोघांनी दोन टोकं धरून तिसऱ्याच्या पाठीवर द्यावं लागतं. हिला कुणी पोतं द्यायचं नाही, असं त्यानं टोळीला बजावलं. रोज सकाळी ती वाकून पाठ पुढे करायची आणि पुरुष बाजूला तंबाखूचा खर्रा थुंकत निघून जायचे. माझं डोकं तापायचं. मग एकदा दोघं आले. आनंदानं वाकली बिचारी. त्यांनी साठ किलोचं पोतं डोक्याएवढं उंच नेलं आणि सोडून दिलं. खांद्याचं हाड मोडल्याचा आवाज मला काट्यावर ऐकू आला. ती मातीत तोंड खुपसून पडली होती आणि तिथूनच त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

हाड जुळलं, खांदा वाकडा राहिला, आणि ती परत आली. आल्या आल्या वाकली. त्या दिवशी मी चिठ्ठ्या टाकून उठले. शेठ ओरडला, ओरडू दे. झाडणारी कौसाबाई आणि मी, आम्ही दोघींनी पोतं तिच्या पाठीवर दिलं. माझ्या तळहाताची सालटं निघाली.

ट्रकला लावलेल्या फळीवर मुकादम काठी घेऊन उभा राहिला. "उतर खाली!" त्यानं तिच्या नडगीवर काठी मारली. पुन्हा मारली. लुगड्याच्या काठावरून रक्त टपकायला लागलं.

"सरक मुकादम. मले थांबता येत नाही."

त्यानं तिसऱ्यांदा काठी उचलली. ती थांबली नाही. सगळ्या वजनानिशी त्याच्या छातीवर गेली. तो फळीवरून खाली आदळला, पाय अंगाखाली मोडला, आणि त्याच्या किंकाळीनं सगळा यार्ड थिजला. तिनं ट्रकमध्ये जाऊन पोतं थप्पीला लावलं, लंगडत खाली आली आणि पुन्हा वाकली.

आमच्या हातांत त्राण उरलं नव्हतं. मुकादम खाली विव्हळत होता, त्याच्याकडे कुणी गेलं नाही. तेवढ्यात टोळीतले दोघं पुढे आले. तेच दोघं. भीतीनं आले की लाजेनं, मला अजून सांगता येत नाही. त्यांनी पोत्याची टोकं धरली.

वाकलेल्या पंचफुलाबाईला मागचं दिसत नव्हतं. "कोन हाय?"

"आम्ही," एक जण पुटपुटला.

तिची पाठ तसूभरही हलली नाही. फक्त उजवा हात कमरेकडे गेला.

"द्या मंग. पन हळू ठेवजा. हूक हातातच हाय माह्या."